पक्ष, साध्य आणि सहा बंद संगणक

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "पंधरा मिनिटं बोल, तुझ्या क्षेत्रातलं बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल." म्हणून मी फार मोठा विषय घेतलेला नाही. संगणकाचं बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला आणि पडदा मात्र काळाच राहिला, तर काय करावं, एवढाच विषय आहे. त्याच्या पोटात माझी एक कबुली आहे. ती ज्यांच्यापुढे द्यायची ते सर समोरच बसलेत. आधीच सांगून टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

सरांनी आपल्याला नववी-दहावीला भूमिती शिकवली. त्यांची शिस्त आठवते ना? वहीत आधी पक्ष, मग साध्य, मग आकृती आणि मगच सिद्धता. पक्ष न लिहिता कुणी थेट सिद्धतेला हात घातला, की लाल शाईची आडवी रेघ. "दिलंय काय, तेच लिहिलं नाहीस, मग सिद्ध कशावरून करतेस?" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. इंजिनिअरिंग झालं, वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये गेली, आणि तरी मागच्या वर्षी मी पक्ष न लिहिताच सिद्धता मांडली. त्याची ही गोष्ट.

आपल्या वेळी शाळेत संगणक नव्हता. आता लॅब आहे आणि ती गेली कित्येक वर्षं सरच सांभाळतात. चौदा डेस्कटॉप. पहिल्या रांगेत आठ, मागच्या रांगेत सहा. मागच्या वर्षी जूनमध्ये सरांनी ग्रुपवर लिहिलं की संगणक फार हळू झालेत, ब्राउझर उघडायलाच तासातली दहा मिनिटं जातात. आपण वर्गणी काढली. "मेमरी वाढवली की काम होईल," असं मीच सांगितलं आणि खरेदीही मीच अंगावर घेतली. सॉफ्टवेअरवाली म्हटलं की नातेवाइकांचे प्रिंटर, मोबाइल आणि कधी कधी मिक्सरसुद्धा माझ्यापुढे येतात. तेव्हा 'मला येतं' असं म्हणायची सवयच लागली आहे.

मी सरांना म्हटलं, एका संगणकाचा फोटो पाठवा. त्यांनी झाकण उघडून फोटो पाठवला. मी तो पाहिला, डीडीआर३ जातीची मेमरी लागते हे ओळखलं आणि ४ जीबीच्या चौदा पट्ट्या मागवल्या. प्रत्येक संगणकाला एक. सोपा हिशोब.

ऑगस्टमध्ये पार्सल शाळेत पोचलं. सरांनी नववीच्या दोन मुलांना हाताशी धरून पट्ट्या बसवल्या. पहिल्या रांगेतले आठही संगणक सुरू झाले. मागच्या रांगेतला एकही होईना. काही नुसते बीप बीप करत, काही तेही करत नव्हते. सरांनी ग्रुपवर लिहिलं, "सहा सुरू होत नाहीत. एकात जुनी पट्टी परत घालून पाहिली, तर सुरू होतो."

मी ऑफिसच्या मीटिंगमधून उत्तर लिहिलं, "सर, पट्टी स्लॉटमध्ये पूर्ण बसली नसेल. जरा जोर लावून दाबा. मी दिवाळीत येते, तोवर काही बदलू नका." त्याखाली आपल्यापैकी काहींनी हसरे चेहरे टाकले. "भूमिती वेगळी आणि हार्डवेअर वेगळं, सर," असंही कुणी लिहिलं. ते कोण, हे मी सांगत नाही. तो आज इथे आहे आणि जेवणाची व्यवस्थाही त्याच्याकडेच आहे. सरांनी त्यावर काहीच उत्तर दिलं नाही.

पुढचे तीन महिने आठ संगणकांवर अख्खा वर्ग बसत होता. सरांनी स्वतःच्या खिशातून दीड हजार रुपये देऊन एक मेकॅनिक आणला. त्याने सांगितलं, सहाही मदरबोर्ड गेलेत, भंगारात द्या. ऑफिसने ते सहा संगणक निर्लेखनाच्या यादीत घातले. मला यातलं काहीही माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आले. लॅब उघडली तेव्हा मागच्या रांगेवर जुन्या चादरी घातलेल्या होत्या. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसांत हवेत उडणारे तंतू कुठेही शिरतात. सर म्हणाले, "चादर मीच घातली. बंद पडलं म्हणून काय झालं, शाळेची वस्तू आहे."

पुढचं समजायला मेमरी म्हणजे काय, हे दोन मिनिटांत सांगते. हार्ड डिस्क हे कपाट आणि मेमरी हा बाक. अभ्यास कपाटात करता येत नाही, वही-पुस्तक काढून बाकावर मांडावं लागतं. बाक जितका मोठा, तितकं जास्त एका वेळी मांडता येतं. वीज गेली की बाक रिकामा होतो, कपाट तसंच राहतं. १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचा संगणक पूर्ण झाला. देशात घडवलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती आणि ती जेमतेम १० किलोबाइट भरते. मी मागवलेल्या एका पट्टीत त्याच्या चार लाखांहून जास्त पट जागा होती, आणि ती बोटभर लांब पट्टी शेवगावच्या लॅबमध्ये एक संगणक सुरू होऊ देत नव्हती.

संगणक सुरू होताना सगळ्यात आधी स्वतःची हजेरी घेतो. प्रोसेसर आहे का, मेमरी आहे का, पडद्याला चित्र पाठवणारा भाग आहे का. मेमरीच्या पट्टीवर एक छोटी वेगळी चिप असते. तिच्यात त्या पट्टीची क्षमता, वेग, व्होल्टेज लिहिलेलं असतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखंच. मदरबोर्डवरची बायोस हा दाखला वाचते आणि त्याप्रमाणे मेमरीशी बोलायला सुरुवात करते. बोलणं जमलं नाही तर पडद्यावर काही लिहिणंही तिला शक्य नसतं, कारण तिथवर ती पोचलेलीच नसते. मग ती बीप वाजवते. बीपची भाषा बोर्डागणिक बदलते. काहींत तीन छोट्या बीप म्हणजे मेमरीची तक्रार, काहींत लांब बीप थांबून थांबून येत राहते. मागच्या रांगेतले चार संगणक बीप देत होते. दोन मुके होते, कारण त्यांच्या आतला छोटा स्पीकर बोर्डाला जोडलेलाच नव्हता. म्हणजे तक्रार तेही करत होते, ती ऐकू येत नव्हती एवढंच.

मी काय केलं, तर सरांनी ऑगस्टमध्ये जे केलं होतं तेच. नवी पट्टी काढली आणि जुनी १ जीबीची घातली. संगणक सुरू झाला. दुसऱ्यातही तसंच. म्हणजे मदरबोर्ड गेलेले नव्हते. मग पहिल्या रांगेतल्या एका संगणकात तीच नवी पट्टी घातली. तिथे ती उत्तम चालली. म्हणजे पट्टीही खराब नव्हती. दोन्ही चांगल्या आणि एकत्र मात्र चालत नाहीत. खाच जुळते, पट्टी स्लॉटमध्ये बसते, जात एकच, डीडीआर३. मग अडतंय कुठे?

मी पट्टी हातात धरून बसले होते. सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "जुन्या रांगेचा बोर्ड आणि पुढच्या रांगेचा बोर्ड एकच आहेत का गं?"

मी पहिल्यांदा मागच्या बोर्डाचं नाव वाचलं. पुढच्या रांगेत इंटेलचा एच६१ चिपसेट होता आणि मागे त्याच्याहून जुन्या पिढीतला जी४१. दोन्ही डीडीआर३ घेतात. पण जी४१ एका चिपमागे २ गिगाबिटपर्यंतच ओळखतो. मी घेतलेल्या पट्टीवर आठच चिपा होत्या, प्रत्येकी ४ गिगाबिटची. तीच ४ जीबीची पट्टी सोळा चिपांची, प्रत्येकी २ गिगाबिटची असती, तर ती या बोर्डावर चालण्यासारखी होती. हजेरीपटात रोल नंबरला दोनच रकाने असले तर शंभराव्या मुलाचा नंबर कुठे लिहिणार? तसंच आहे हे. आठ चिपांच्या पट्टीतली जागा शोधायला पत्त्याच्या सोळा तारा लागतात आणि जुन्या चिपसेटला पंधरापर्यंतच मोजता येतं. त्यात कितीही जोर लावून काही होत नाही.

त्या रात्री घरी मी सरांचे जूनमधले मेसेज पुन्हा काढून वाचले. फोटोखाली दोन ओळी होत्या. "हा पहिल्या रांगेतला आहे. मागच्या रांगेतले सहा त्याच्याआधी आलेत, ते वेगळे असतील तर बघ." मी फोटो पाहिला होता. ओळी वाचल्या नव्हत्या. चौदा संगणक सारखेच आहेत, हे मला कुणी दिलेलं नव्हतं. ते मी मनाने धरून चालले होते. पक्ष लिहून पाठवला होता सरांनी, आणि मी तो न वाचता सिद्धता मांडली.

दुसऱ्या दिवशी सरांना मी तो मेसेज दाखवला. ते एवढंच म्हणाले, "सापडली ना पायरी? आता पुढे लिही."

पुढचा हिशोब आम्ही फळ्यावरच केला. पैसे परत मागायचे नाहीत आणि नवी खरेदीही करायची नाही, असं ठरवलं. पहिल्या रांगेतल्या आठ संगणकांत आधी २ जीबीच्या दोन-दोन पट्ट्या होत्या. त्यांतली एकेक काढून नवी घातली होती, म्हणजे ८ पट्ट्या मोकळ्या होत्याच. मागच्या रांगेत न चाललेल्या ६ नव्या पट्ट्या पुढच्या सहा संगणकांत गेल्या, त्यातून आणखी ६ निघाल्या. हातात २ जीबीच्या १४ पट्ट्या आल्या. यांच्या चिपा मागच्या बोर्डांना ओळखीच्या होत्या. या पट्ट्यांचा वेग मागच्या बोर्डांपेक्षा थोडा जास्त होता, पण वेगाचं तसं अडत नाही. वेगवान पट्टी सावकाश बोर्डावर त्याच्या चालीने चालते. मागच्या सहांना दोन-दोन, म्हणजे १२. उरल्या २.

बसवण्याआधी चौदाही पट्ट्या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामवर लावल्या. हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालतो आणि प्रत्येक घरात काहीतरी लिहून पुन्हा वाचून पाहतो. त्याला तास लागतात. मधे दोनदा वीज गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. एका पट्टीत लाल ओळी आल्या. तिच्यामुळेच पुढच्या रांगेतला चौथा संगणक अधूनमधून आपोआप बंद पडत होता, आणि मुलं त्याला 'झोपाळू' म्हणत होती. ती पट्टी बाजूला काढली.

पाच संगणक सुरू झाले. सहावा होईना. एकच पट्टी घालून पाहिली, पहिल्या स्लॉटमध्ये सुरू, दुसऱ्यात बंद. टॉर्च लावून बघितलं तर दुसऱ्या स्लॉटचं प्लॅस्टिक एका टोकाला तडकलेलं आणि आतल्या दोन पिना वाकलेल्या. मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ऑगस्टमध्ये कुणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं, जरा जोर लावून दाबा.

तो संगणक आज एका स्लॉटवर, २ जीबीवर चालतो. निर्लेखनाच्या यादीतून सहाही नावं कमी झाली. दोन पट्ट्या शिल्लक आहेत, त्या लॅबच्या कपाटात डब्यात ठेवल्या आहेत.

सर, मी तुम्हाला त्या दिवशी लॅबमध्ये 'माफ करा' म्हटलं होतं. पण दोष मी सगळ्यांसमोर तुमच्या हाताला दिला होता. तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी. तुमचा हात चुकला नव्हता. पट्टी चुकीची होती आणि ती मी घेतली होती. तो स्लॉट माझ्या सांगण्यावरून मोडला. तीन महिने मुलांचे सहा संगणक बंद राहिले, तेही मी 'काही बदलू नका' म्हटलं म्हणून. ग्रुपवर हे सगळं मी आज सकाळी लिहिलं आहे. दीड हजार रुपयांचं पाकीट तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे, म्हणून ते मी बाईंकडे दिलं आहे. त्या तुम्हाला घ्यायला लावतील.

आता तुमच्या उपयोगाचं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, दुकानात, दवाखान्यात, दूध संकलन केंद्रावर डेस्कटॉप आहेत. एखाद्या सकाळी पंखा फिरून पडदा काळा राहिला, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढं करा.

पहिलं, पडदा आणि त्याची वायर बघा. हसू नका, निम्मे संगणक इथेच सुरू होतात. मग प्लग काढून टाका. नुसतं बटण बंद करून चालत नाही. प्लग काढल्यावर सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज जाते. पेटीच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच आत हात घाला. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवत नाही, पण चिपेला मारू शकते.

दुसरं, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून मेमरीच्या सगळ्या पट्ट्या काढा. कुठली कुठे होती त्याचा आधी फोटो घ्या. आपल्याकडच्या धुळीत सोनेरी कडा मळतात. त्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा आणि रबराचा चुरा ब्रशने झाडा. पॉलिशपेपर कधीही नको, वरचा सोन्याचा थर निघून जातो. स्लॉटमधली धूळही ब्रशने काढा, फुंकर नको, तोंडातली वाफ आत जाते.

तिसरं, एकच पट्टी, एकच स्लॉट. सुरू झाला तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी पट्टी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते कागदावर लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे सुरू झाला ते कळत नाही. पट्टी खाच जुळवून सरळ ठेवा आणि दोन्ही टोकांवर सारखं दाबा, खिट्टी 'टक' करून आपोआप बसते. बसली नाही तर दाबत राहू नका, काढून बघा. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४, सगळ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, कारण प्रत्येकाचं व्होल्टेज वेगळं आहे. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती खाच आहे.

चौथं, बोर्डावर रुपयाएवढी गोल बॅटरी असते, तीन व्होल्टची, दुकानात सीआर२०३२ म्हणून मिळते. तारीख-वेळ रोज चुकत असेल तर ती बदला. प्लग काढून ती पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवली तर बायोसच्या मनात बसलेलं जुनं काहीबाही पुसलं जातं. मेमरी बदलल्यावर अडलेला संगणक कधी कधी एवढ्यानेच सुटतो.

आणि पाचवं, खरेदीआधीचं. जात आणि जीबी एवढंच बघून मेमरी घेऊ नका. बोर्डाचं नाव वाचा, त्याची पुस्तिका कंपनीच्या साइटवर असते, त्यात चाललेल्या पट्ट्यांची यादी असते. विकत घेताना दुकानदाराकडून 'चालली नाही तर परत' हे पावतीवर लिहून घ्या. ज्यांची मुलं आता नवीन संगणक जुळवताहेत त्यांना एक सांगते, डीडीआर५ घातल्यावर पहिल्यांदा पडदा कित्येक मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड तेव्हा मेमरीशी ओळख करून घेत असतो. घाबरून मधेच बंद करू नका, चहा करून या.

लॅबच्या भिंतीवर आता एक कागद चिकटवला आहे. चौदा संगणकांची चौदा नावं, प्रत्येकाचा बोर्ड, किती पट्ट्या, कुठल्या, कधी बदलल्या. मी कॉम्प्युटरवर तक्ता करून देते म्हटलं, पण सरांनी तो हाताने लिहिला. वर मथळा आहे, 'पक्ष'.

सर येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. लॅबकडे कोण बघणार, हे अजून ठरलेलं नाही. मी वर्षातून एकदा, दिवाळीत, दोन दिवस येईन असं शाळेला कळवलं आहे. पण संगणक दिवाळीची वाट बघून बंद पडत नाहीत. शेवगावात, पाथर्डीत, पैठणला राहणारे आपल्या बॅचचे बरेच जण आहेत. महिन्यातून एक शनिवार दुपार देऊ शकतील असे दोघं-तिघं हवे आहेत. हार्डवेअर यायला पाहिजे असं नाही, ते मी आणि सर शिकवू. येताना फुलीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आणि एक खोडरबर आणा. नावं जेवणाच्या व्यवस्थेत असलेल्या आपल्या मित्राकडे द्या. पहिलं नाव त्याचंच आहे, मी लिहून टाकलंय.